वेब-अनुप्रयोगातील सामायिक अवस्थेचे व्यवस्थापन : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आदिलाबाद हा तेलंगणातील कापूस पिकविणारा एक प्रमुख जिल्हा आहे. हंगामात आदिलाबादच्या बाजार आवारात कापसाने भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. 2025-26 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' हे मोबाइल अ‍ॅप आणले. हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने त्यावर नोंदणी करावी आणि खरेदीकेंद्रावरील आपली वेळ आधीच ठरवून घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. पूर्वी जे काम रांगेत उभे राहून होत असे, ते आता पडद्यावरील आकड्यांवर अवलंबून राहू लागले आहे. पडद्यावर 'जागा शिल्लक' असे दिसले आणि प्रत्यक्षात ती नसली, तर वाहनाचे भाडे, मजुरी आणि एक संपूर्ण दिवस शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून पडद्यावर दिसणारी माहिती खरी कशी ठेवावी, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता राहत नाही.

वेब-अनुप्रयोग तयार करणाऱ्यांच्या परिभाषेत या प्रश्नाला 'सामायिक अवस्थेचे व्यवस्थापन' म्हणतात. प्रस्तुत लेखात जावास्क्रिप्ट भाषेतील आधुनिक वेब-अनुप्रयोगांच्या संदर्भात या विषयाची मूलतत्त्वे मांडली आहेत. विवेचनाच्या सोयीसाठी कापूस-खरेदीची वेळ आरक्षित करण्याचे एक काल्पनिक वेबपान उदाहरण म्हणून घेतले आहे. ते कोणत्याही प्रत्यक्ष प्रणालीचे वर्णन नव्हे.

अवस्था म्हणजे काय?

एखाद्या वेबपानाला एखाद्या क्षणी जे जे 'लक्षात' असते, ते सर्व म्हणजे त्याची अवस्था होय. शेतकऱ्याने निवडलेली तारीख, चौकटीत अर्धवट टंकलेले नाव, उघडलेली यादी, निवडलेली भाषा, शिल्लक जागांची संख्या ही सर्व अवस्थेची उदाहरणे आहेत.

आधुनिक वेबपान अनेक लहान घटकांचे बनलेले असते. वरची पट्टी हा एक घटक, तारखांचा तक्ता दुसरा, रकमेचा अंदाज दाखविणारी चौकट तिसरा. जी माहिती एकाच घटकाला लागते तिला स्थानिक अवस्था म्हणतात. यादी उघडी आहे की मिटलेली, हे फक्त त्या यादीला ठाऊक असले तरी पुरते. परंतु निवडलेली तारीख तक्त्याला, सारांशाच्या चौकटीला आणि 'आरक्षित करा' या बटणालाही लागते. अनेक घटकांना लागणारी अशी माहिती म्हणजे सामायिक अवस्था. अडचणी मुख्यतः येथून सुरू होतात.

एका माहितीच्या दोन प्रती

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग असा की, ज्या घटकाला माहिती लागते त्याने स्वतःजवळ तिची प्रत ठेवावी. हाच मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. तक्त्याने आपल्या प्रतीत मंगळवार नोंदविला आणि सारांशाच्या प्रतीत सोमवारच राहिला, तर पान स्वतःशीच विसंगत होते. त्यांपैकी खरे काय, हे पानालाही सांगता येत नाही.

या दोषाचे जगप्रसिद्ध उदाहरण फेसबुकचे आहे. न वाचलेल्या संदेशांची संख्या दाखविणारा आकडा अनेकदा चुकत असे. नवा संदेश असल्याचे दिसे, पण उघडून पाहिल्यास काहीच नसे. दोष दुरुस्त केला तरी काही काळाने तो पुन्हा उद्भवे, कारण तीच माहिती पानाच्या अनेक भागांतून बदलली जात होती. 2014 साली फेसबुकच्या अभियंत्यांनी हा अनुभव जाहीरपणे मांडला आणि 'फ्लक्स' नावाची रचना सुचविली.

दोन प्रतींचा दोष संगणकाबाहेरही असतो आणि आदिलाबादच्या परिसराला तो चांगला परिचित आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा व किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. त्या सीमेवरील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी गावांवर दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली आहेत. महाराष्ट्राच्या लेखी ही गावे चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात आहेत. तेलंगणाच्या लेखी ती केरामेरी मंडळात, म्हणजे 2016 पर्यंतच्या आदिलाबाद जिल्ह्यात आणि त्यानंतरच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येतात. परिणामी तेथील अनेक रहिवाशांची नावे दोन मतदारयाद्यांत आहेत आणि अनेकांजवळ दोन शिधापत्रिका आहेत. माणूस एकच, नोंदी दोन. प्रत्येक नोंदवही आपापल्या जागी नीटनेटकी असूनही दोन्ही मिळून एकसंध चित्र देत नाहीत. संगणकशास्त्रात ज्याला 'सत्याचा एकच स्रोत' म्हणतात, त्याची गरज या उदाहरणावरून स्पष्ट व्हावी.

म्हणून पहिला नियम असा : प्रत्येक माहितीचा एकच धनी असावा. इतरांनी त्याच्याकडून वाचावे, स्वतःची प्रत ठेवू नये.

साधित अवस्था

काही माहिती साठविण्याची मुळी गरजच नसते, कारण ती इतर माहितीवरून काढता येते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. हा भाव 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसासाठी असतो. त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कमी होतो आणि त्याहून अधिक ओलाव्याचा कापूस हमीभावाने घेतला जात नाही. ओलावा 10 टक्के असल्यास 2 टक्के, म्हणजे 162.20 रुपये वजा होऊन 7,947.80 रुपये भाव मिळेल. 20 क्विंटलांची रक्कम 1,58,956 रुपये होईल.

येथे वजन, ओलावा आणि हमीभाव या तीनच गोष्टी मूळ आहेत. एकूण रक्कम ही साधित आहे. ती वेगळी साठविली आणि नंतर ओलाव्याचा आकडा 10 ऐवजी 11 केला, तर रक्कम बदलण्याचे स्मरण कोणाला तरी ठेवावे लागते. ते एका ठिकाणी राहून गेले की पान खोटी रक्कम दाखविते. तेव्हा दुसरा नियम : जे काढता येते ते साठवू नये, दरवेळी काढावे. गणित मोठे असेल तर मागील उत्तर तात्पुरते जपून ठेवण्याची सोय बहुतेक ग्रंथालयांत असते. मात्र तिचा उपयोग वेगासाठी करावा, सत्याचा आधार म्हणून नव्हे.

अवस्था कोठे ठेवावी?

रिअ‍ॅक्ट हे 2013 साली खुले झालेले जावास्क्रिप्टचे ग्रंथालय आज या क्षेत्रात सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी आहे. त्यात घटकांची रचना कुटुंबाच्या वंशवृक्षासारखी असते. माहिती पालक घटकाकडून अपत्य घटकाकडे, म्हणजे वरून खाली जाते. दोन भावंड घटकांना एकच माहिती हवी असेल, तर ती त्यांच्या सर्वांत जवळच्या समान पालकाकडे ठेवावी. यालाच अवस्था वर उचलणे म्हणतात. लहान अनुप्रयोगांस एवढे बहुधा पुरेसे असते.

पण काही माहिती फार खोलवर लागते. भाषेचे उदाहरण घेऊ. आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणारे लोक एकत्र राहतात. उर्दूला 2017 पासून संपूर्ण तेलंगणात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे. वेबपान तेलुगू, मराठी आणि उर्दू अशा तीन भाषांत द्यायचे ठरविले, तर निवडलेली भाषा प्रत्येक बटणाला आणि प्रत्येक सूचनेला कळली पाहिजे. शिवाय उर्दू निवडताच केवळ शब्द बदलून भागत नाही. लेखनाची दिशा उजवीकडून डावीकडे होते, 'पुढे' दाखविणारा बाण उलटतो आणि तक्त्यातील स्तंभांचा क्रमही फिरतो. आकडे मात्र उर्दू मजकुरातही डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. एखाद्या घटकापर्यंत हा बदल पोहोचला नाही, तर निम्मे पान एका दिशेने आणि निम्मे दुसऱ्या दिशेने वाचावे लागते. दिशा ही भाषेवरून ठरणारी साधित अवस्था आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. ती वेगळी साठवू नये.

ही माहिती प्रत्येक पिढीच्या हातून खाली देत बसणे जिकिरीचे असते. त्यासाठी रिअ‍ॅक्टमध्ये 'कॉन्टेक्स्ट' ही सोय आहे. वरच्या घटकाने माहिती एकदा उपलब्ध करून दिली की, खालचा कोणताही घटक ती थेट वाचू शकतो. मात्र कॉन्टेक्स्टमधील मूल्य बदलले की ते वाचणारे सर्व घटक पुन्हा रेखाटले जातात. भाषा क्वचितच बदलते, म्हणून तेथे ही सोय योग्य ठरते. दर काही क्षणांनी बदलणाऱ्या शिल्लक जागांसाठी ती तितकीशी योग्य नाही.

पानाच्या पत्त्यातही अवस्था ठेवता येते, हे पुष्कळदा विसरले जाते. निवडलेले केंद्र व तारीख पत्त्यात असल्यास शेतकऱ्याला तोच दुवा आपल्या मुलाला पाठविता येतो आणि पान पुन्हा उघडले तरी निवड हरवत नाही.

फेरफाराची पद्धत

अवस्था मोठी झाली की तिच्यात बदल कोण करतो, याला शिस्त लावावी लागते. महसुली व्यवहारातील फेरफाराची पद्धत येथे उपयुक्त दृष्टांत ठरते. महाराष्ट्रात जमीन विकली गेली म्हणून कोणी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवहीत आधी नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, नोंद प्रमाणित होते आणि मगच तिचा परिणाम सातबाऱ्यावर दिसतो. त्यामुळे आजची स्थिती कशी आली, हे मागे जाऊन तपासता येते.

2015 साली डॅन अब्रामोव आणि अँड्र्यू क्लार्क यांनी तयार केलेले 'रिडक्स' हे ग्रंथालय याच स्वरूपाच्या शिस्तीवर उभे आहे. सर्व सामायिक अवस्था एका साठ्यात असते, जणू सातबारा. घटकाला बदल हवा असेल तर तो काय घडले याचे निवेदन पाठवितो, जणू फेरफाराची नोंद. जुनी अवस्था आणि हे निवेदन घेऊन नवी अवस्था काढणारा एक नियम असतो. त्याला 'रिड्यूसर' म्हणतात. हा नियम तोच प्रश्न विचारल्यास नेहमी तेच उत्तर देतो. म्हणून दोष आढळल्यास निवेदनांचा क्रम पाहून तो नेमका कोठे शिरला, हे शोधता येते.

या पद्धतीत जुन्या अवस्थेत जागच्या जागी बदल करीत नाहीत, नवी प्रत तयार करतात. यामागे व्यावहारिक कारण आहे. काही बदलले का, हे ठरविताना ग्रंथालय आतील प्रत्येक मूल्य तपासत बसत नाही. वस्तू तीच आहे की नवी, एवढेच पाहते. जुन्याच वस्तूच्या पोटात बदल केला तर ग्रंथालयाला तो कळत नाही आणि पडदा जुनाच राहतो. नवशिक्या विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा हा दोष आहे. 2019 मध्ये आलेल्या 'रिडक्स टूलकिट'मुळे हे लेखन पुष्कळ सुटसुटीत झाले आहे.

सर्व्हरवरील अवस्था

आतापर्यंतची माहिती ब्राउझरच्या मालकीची होती. शिल्लक जागांची संख्या तशी नाही. तिचा खरा धनी सर्व्हर आहे आणि पडद्यावर दिसतो तो काही क्षणांपूर्वीचा आकडा असतो. हा भेद न ओळखता सर्व्हरची माहिती स्थानिक साठ्यात ओतून ठेवणे, हे अनेक दोषांचे मूळ आहे. 'टॅनस्टॅक क्वेरी'सारखी ग्रंथालये अशा माहितीला तात्पुरती प्रत मानतात. ती किती वेळ ताजी समजावी, केव्हा पुन्हा मागवावी आणि केव्हा टाकून द्यावी, याचे नियम त्यांत ठरविता येतात.

येथे तीन प्रसंग विशेष लक्षात घ्यावेत. पहिला, उत्तरांचा उलटा क्रम. शेतकऱ्याने आधी सोमवार आणि लगेच मंगळवार निवडला. जाळे मंद असल्याने मंगळवारचे उत्तर आधी आले आणि सोमवारचे नंतर. नंतर आलेल्या उत्तराने पडदा बदलला, तर मंगळवारच्या मथळ्याखाली सोमवारच्या जागा दिसतील. जावास्क्रिप्ट पानावर एका वेळी एकच काम करते, म्हणून असे घडणार नाही, हा समज चुकीचा आहे. कामे एकामागून एक होत असली तरी उत्तरांचा क्रम तिच्या हाती नसतो. नवी विनंती करताना जुनी रद्द करणे किंवा जुन्या विनंतीचे उत्तर ओळखून टाकून देणे, हा त्यावर उपाय आहे.

दुसरा प्रसंग, शेवटची जागा. दोन शेतकऱ्यांच्या पडद्यावर एकच जागा शिल्लक दिसते आणि दोघेही बटण दाबतात. हा तंटा ब्राउझरमध्ये सुटूच शकत नाही, निर्णय सर्व्हरनेच द्यावा लागतो. एचटीटीपी या संकेतात त्यासाठी सोय आहे. सर्व्हर माहितीबरोबर 'ईटॅग' नावाची आवृत्तीची खूण देतो. बदल पाठविताना ब्राउझर 'इफ-मॅच' या शीर्षकाखाली तीच खूण परत पाठवितो. दरम्यान माहिती बदललेली असेल तर सर्व्हर 412 क्रमांकाचे नकाराचे उत्तर देतो. तेव्हा पानाने ताजी माहिती आणून, जागा भरली आहे असे वापरणाऱ्याच्या भाषेत स्पष्ट सांगावे.

तिसरा प्रसंग, आशावादी बदल. बटण दाबताच उत्तराची वाट न पाहता 'झाले' असे दाखविल्यास पान चपळ वाटते. एखादी खूण लावणे वा काढणे यासारख्या किरकोळ कामात ते चालते, कारण नकार आल्यास मागे फिरता येते. परंतु वेळ आरक्षित झाल्याचे सर्व्हरच्या मान्यतेपूर्वी दाखविणे योग्य नव्हे. ती खूण पाहून शेतकऱ्याने वाहन ठरविले, तर नंतर पडदा मागे फिरेल, पण वाहन फिरणार नाही.

एकच अनुप्रयोग ब्राउझरच्या दोन टॅबांत उघडा असल्यास आणखी एक भर पडते. एका टॅबमध्ये बदललेली भाषा दुसऱ्याला कळावी म्हणून 'लोकलस्टोरेज'मधील बदलाची सूचना किंवा 'ब्रॉडकास्टचॅनल' ही सोय वापरता येते.

एकाच स्रोताची जबाबदारी

एकच स्रोत ठेवला की सर्व प्रश्न सुटतात, असे मात्र नाही. तेलंगणातील जमीनविषयक नोंदींचा अनुभव या दृष्टीने अभ्यासनीय आहे. पूर्वी शेतजमिनीच्या खरेदीखताची नोंदणी एका कार्यालयात आणि त्यावरील फेरफार दुसऱ्या कार्यालयात होत असे. या दोन नोंदींत अंतर पडे. 2020 च्या कायद्याने शेतजमिनीची नोंदणी आणि फेरफार तहसील कार्यालयात एकाच वेळी करण्याची पद्धत आली आणि 29 ऑक्टोबर 2020 रोजी 'धरणी' हे पोर्टल सुरू झाले. दोन प्रतींची एक प्रत झाली.

पण एकाच स्रोतावर इतर अनेक गोष्टी अवलंबून असतात. 2018 साली सुरू झालेल्या 'रयतू बंधू' योजनेची रक्कम शेतकऱ्याच्या नावावरील जमिनीच्या नोंदीवरून ठरत असे. वर वापरलेल्या परिभाषेत ती साधित अवस्था होती. मूळ नोंदीत नाव किंवा क्षेत्र चुकले की ती चूक पुढे अनुदानातही उतरे. दुरुस्ती कोठे आणि कशी मागावी, ही धरणीविषयीची मोठी तक्रार होती. 14 एप्रिल 2025 रोजी तिच्या जागी 'भूभारती' सुरू झाली. तिच्या कायद्यात नोंदींची दुरुस्ती आणि अपील यांची तरतूद करण्यात आली.

अनुप्रयोग तयार करणाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. सत्याचा स्रोत एक असावा, त्यातील प्रत्येक बदलाचा माग राहावा आणि चूक दुरुस्त करण्याचा मार्ग आरंभापासूनच असावा. पहिल्या गोष्टीकडे अभियंत्यांचे लक्ष असते, तिसरी बहुधा मागे पडते.

साधनाची निवड

आज साधनांची वाण नाही. रिअ‍ॅक्टसोबत रिडक्स टूलकिट, झुस्टँड किंवा मॉबएक्स, तर व्ह्यूसोबत पिनिया वापरतात. सॉलिड, प्रीअ‍ॅक्ट आणि अँग्युलर यांनी 'सिग्नल' ही कल्पना स्वीकारली आहे. तीत बदललेले मूल्य ज्या ठिकाणी वाचले गेले, तेवढीच जागा ताजी होते. ही कल्पना जावास्क्रिप्ट भाषेतच आणण्याचा प्रस्ताव 2024 मध्ये प्रमाणीकरण समितीने पहिल्या टप्प्यावर विचारासाठी घेतला.

तथापि निवडीचा आरंभ साधनापासून करू नये. प्रत्येक माहितीविषयी पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत. ती इतर माहितीवरून काढता येते का? मग साठवू नये. ती एकाच घटकाला लागते का? मग तेथेच ठेवावी. ती पत्त्यात शोभते का? तिचा धनी सर्व्हर आहे का? या सर्व प्रश्नांनंतर जी थोडी माहिती उरते, तिच्यासाठीच सामायिक साठा योजावा. संगणक-शिक्षणाच्या वर्गांत विद्यार्थ्यांना ग्रंथालयाचे नाव शिकविण्यापूर्वी एखाद्या परिचित कामाची, जसे शाळेचे प्रवेश किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज यांची, माहिती कागदावर मांडायला लावून हे प्रश्न विचारावेत. ग्रंथालये काही वर्षांत बदलतात, हे प्रश्न बदलत नाहीत.

समारोप

सामायिक अवस्थेचे व्यवस्थापन म्हणजे नोंद ठेवण्याची शिस्त होय. माहितीचा धनी एक असावा, साधित गोष्टी साठवू नयेत, बदल ठरलेल्या वाटेने व्हावेत आणि सर्व्हरची प्रत ही प्रतच मानावी, ही तिची चार मुख्य सूत्रे आहेत. तलाठी दप्तर असो वा जावास्क्रिप्टचा साठा, नोंदीवर विसंबून कोणीतरी आपला दिवस आणि आपले पैसे पणाला लावत असतो. जिल्ह्यातील आणि सीमाभागातील जे विद्यार्थी आज ही भाषा शिकत आहेत, त्यांच्या हातून पुढे अशीच पाने तयार होणार आहेत. त्या पानांवरील आकडा तेलुगूत, मराठीत आणि उर्दूत सारखाच आणि खरा दिसावा, ही त्यांच्याकडून असलेली किमान अपेक्षा आहे.